वीराचं घोडं

सुवर्णाच्या देवघरातले देव माणसांसारखेच नांदत होते. कोणी कुठे बसायचं ते ठरलेलं, कोणाला काय चालतं नि काय चालत नाही तेही ठरलेलं. मधोमध बाळकृष्ण, कारण तो लहान. त्याच्या शेजारी हातात पळी धरलेली पितळेची अन्नपूर्णा. ती लग्नात सुवर्णाबरोबरच माहेरून आलेली, म्हणून तिच्याशी चार शब्द मनातले बोलायला हरकत नसे. मागे भिंतीला टेकून चांदीच्या पत्र्यावर ठोकलेले टाक, म्हणजे घराण्याचा खंडोबा आणि वणीची सप्तशृंगी. आणि सगळ्यात कडेला, दाराशी राखणीला बसवल्यासारखा, वीर.

वीर म्हणजे घराण्यातला कोणीतरी, जो वेळेआधी गेला. लढाईत गेला असेल, पुरात गेला असेल, साप चावून गेला असेल. त्याचं आयुष्य अर्धं राहिलं म्हणून घरानं त्याला बोटभर चांदीत आपल्यापाशी ठेवून घेतलं. वर्षभर तो देवघरात गप्प बसतो. धुळवडीला मात्र त्याला खोबऱ्याच्या वाटीत बसवायचं, लाल फडक्यात बांधायचं आणि हलगीच्या तालावर नाचवत गंगेवर न्यायचं. रामकुंडात आंघोळ घालायची आणि तसंच नाचवत घरी आणायचं. गोदावरीला गंगा म्हणणाऱ्या नाशिकात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. त्या दिवशी बाकीचा देश रंगात माखलेला असतो, आणि आमची पंचवटी आपापल्या मेलेल्या माणसांना आंघोळीला घेऊन निघालेली असते.

सुवर्णाच्या सासरच्या वीराची गोष्ट भारदस्त होती. तो म्हणे घोडेस्वार होता आणि कुठल्याशा मोठ्या लढाईत पडला. अडचण एवढीच, की टाकावर घोडं नव्हतं. मुंडासं बांधलेला एक माणूस, हातात काठी, पायाशी कसलासा उंचवटा, एवढंच. नवी नवरी असताना सुवर्णानं भीत भीत सासऱ्यांना विचारलं होतं. सासऱ्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि सांगितलं, की घोडं आधी गेलं आणि मग तो पायी लढला. पायाशी आहे ते घोड्याचं खोगीर. आणि ती काठी नव्हे, भाला आहे, टोक झिजलंय. इतकं खणखणीत उत्तर मिळाल्यावर पुन्हा विचारायची सोय राहिली नाही. तेव्हापासून सुवर्णा रोज सकाळी त्या खोगिरालाही गंध लावत आली होती.

सुवर्णाचे मालक एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होते. ते गेले त्याला आता दुसरं वर्ष लागलं होतं. पहिल्या वर्षी घरात दुःख म्हणून वीर बाहेर निघाला नाही. यंदा निघायला हवा होता, आणि तो कोण काढणार यावरून धनराजचा फोन आला.

धनराज हा तिचा धाकटा दीर. माणूस वाईट नव्हता. मोठा भाऊ दवाखान्यात होता तेव्हा वहिनीला घरी पाठवून हा बाहेरच्या बाकड्यावर बसून राहायचा. पण ओझरच्या कारखान्यात विमानं जोडण्यात त्याचं आयुष्य गेलेलं, त्यामुळे प्रत्येक वस्तूची एक ठरलेली जागा असते आणि ती तिथेच बसली पाहिजे, हे त्याच्या हाडात मुरलं होतं. फोनवर तो अगदी मायेनं बोलला. दादा होता तोवर देव तुमच्याकडे होते ते बरोबरच होतं, म्हणाला. आता घरात पुरुष माणूस नाही, हर्षाली उद्या लग्न होऊन जाईल, आणि घराण्याचा वीर घराण्याच्या रक्तानंच नाचवायचा असतो. तेव्हा धुळवडीला मी येतो, वीर गंगेवर नेतो आणि तिथून तसाच आमच्या बंगल्यावर घेऊन जातो. पाडव्याला येऊन बाकीचे टाक नेऊ. शेवटी त्याला काय वाटलं कोण जाणे, मन मोठं करून म्हणाला, तुमची अन्नपूर्णा मात्र तुम्ही ठेवा, ती तुमच्या माहेरची.

सुवर्णा म्हणाली, "बघू."

बायका बघू म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ बहुतेक वेळा नाही असा असतो. पण पुरुषांच्या कानात काही वेगळी रचना असावी. धनराजनं ते हो म्हणून ऐकलं आणि हलगीवाल्यांना सांगून टाकलं.

फोन ठेवून ती देवघरापाशी येऊन बसली. लग्न झाल्यापासून एकही सकाळ तिनं या मंडळींना आंघोळ घातल्याशिवाय काढली नव्हती. चार दिवस बाहेरची असली की सासू घालायची. सासू गेल्यावर सुवर्णानं ते बाजूला बसणं आपल्याच मनानं बंद केलं आणि देवांनी एका शब्दानं तक्रार केली नाही. मालकांचा दहावा-तेरावा झाल्यावर घर रिकामं झालं, तेव्हा सकाळी उठायला कारण होतं ते हेच. कोणी भुकेलं बसलंय, कोणाची आंघोळ राहिलीय. आता ही जागा मोकळी होणार होती. रक्त तिचं नव्हतंच. धनराज म्हणाला ते खरंच होतं.

तेवढ्यात लेक हर्षाली बंगळूरहून आली, ती लॅपटॉप आणि एक अडचण घेऊन. तिच्या ऑफिसात दर महिन्याला एकानं आपल्या धर्माची ओळख करून द्यायची असं निघालं होतं, पंधरा मिनिटांत. गेल्या खेपेला तिच्या शेजारी बसणाऱ्या जियानं इतकं नेटकं सांगितलं, एक ईश्वर, एक ग्रंथ, पाच कर्तव्यं, की ऐकणाऱ्यांना सगळं घरी नेता आलं. आता हर्षालीची पाळी होती आणि ती तीन संध्याकाळी नुसती पहिल्या वाक्यावर अडकली होती. आपण नेमकं मानतो काय, एवढं आईनं सांगावं.

सुवर्णानं विचार केला. तिचं शिक्षण जुन्या अकरावीपर्यंतचं. पुढचं सगळं रद्दीतून आलेल्या पुस्तकांतलं नि वाचनालयातलं. गीता तिनं स्वतःच्या हिमतीवर वाचली होती आणि तीत जे कळलं नाही त्याबद्दल श्रीकृष्णालाच जबाबदार धरलं होतं. तिनं मुलीला विचारलं, आंघोळ झाली का. मग म्हणाली, ये, बस इथे.

आधी यांना उठवायचं, ती दाखवू लागली. मग पाणी, मग पंचामृत, मग पुन्हा पाणी, नाहीतर मुंग्या येतात. अंग कोरडं करायचं. गंध, अक्षता, फूल. उदबत्ती, दिवा. मग जे घरात शिजलं असेल ते त्यांना आधी आणि आपल्याला नंतर. रात्री दिवा निववला की तेही झोपतात. हर्षाली भराभर टाइप करत होती. तिनं लिहिलेलं वाचून दाखवलं, की हिंदू धर्मात मूर्ती ही निराकार तत्त्वाची एक संकल्पना आहे. सुवर्णा म्हणाली, असेल बाई, पण संकल्पनेला बेसनाचा लाडू कोण ठेवतं.

"पण आई, तू हे मानतेस का? म्हणजे आतून?"

"मानायला सकाळी वेळ कुठे असतो," सुवर्णा म्हणाली. "आधी आंघोळ घालायची. मानणं मागून येतं. एखाद्या दिवशी नाही आलं तरी आंघोळ चुकत नाही."

हर्षालीनं हे टाइप केलं नाही, पण बोटं थांबवली. मग वीराकडे बघून तिनं तिच्या मते बिनतोड प्रश्न काढला. आपण पुनर्जन्म मानतो, आत्मा जुनं अंग टाकून नवं घेतो. मग हा वीर एव्हाना कुठेतरी जन्माला येऊन, लग्नबिग्न करून, पुन्हा म्हातारासुद्धा होऊन गेला असेल. मग आपण इथे आंघोळ घालतो कोणाला?

सुवर्णानं वीर उचलून हातात घेतला. कड हाताला लागली. टाकाच्या तळाचा पत्रा एका बाजूनं चिरला होता. तिनं चिरेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, की उद्या सराफ बाजारात जाऊन ही चीर झाळून सांधून आणली पाहिजे. जायचाच असेल तर धडका जाऊ दे. पोरीला सासरी पाठवतानासुद्धा फाटकी चप्पल घालून पाठवत नाहीत.

सराफ बाजारातल्या त्या छोट्या दुकानात सुवर्णाच्या सासरचे तीन पिढ्या जात होते. आता तिथे मयूर बसतो. पोरगा तिशीचा, पण आजोबांचाच गल्ला आणि आजोबांचीच उशी घेऊन बसतो. होळीच्या आधी अर्ध्या नाशकातले वीर उजळायला नि दुरुस्तीला येतात, तशी त्या दिवशीही गर्दी होती. मयूरनं पत्रा झाळला, रिठ्याच्या पाण्यात टाक घासला, आणि इतक्या वर्षांची काजळी गेल्यावर वीर असा काही लखलखीत निघाला, की सुवर्णाला क्षणभर परक्यासारखंच वाटलं.

तिच्या शेजारी मखमलाबादची एक म्हातारी बसली होती. नऊवारी, कपाळावर गोंदण, दंडात चांदीच्या वाक्या. नाव चिमणाबाई. तिनंही आपला वीर उजळायला आणला होता. मयूरनं तिचा टाक गिऱ्हाइकांच्या गर्दीत सुवर्णाच्या टाकाशेजारीच मखमलीवर ठेवला आणि दुसऱ्या कोणाचं पैंजण तोलायला वळला.

तिच्या टाकावर घोडा होता. उमदा, मान वळवलेला, एक पाय उचललेला. वर ढाल-तलवार घेतलेला स्वार.

सुवर्णाच्या तोंडून निघून गेलं, की भाग्यवान आहात, तुमच्या वीराचं घोडं शाबूत आहे. चिमणाबाईनं विचारलं, म्हंजे? तेव्हा सुवर्णानं सासऱ्यांचं ते घोडं आधी गेल्याचं, भाल्याचं आणि खोगिराचं सगळं सांगितलं. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. तिनं पदरानं चष्मा पुसला, सुवर्णाचा टाक उचलून दाराच्या उजेडात नेला आणि बराच वेळ खाली त्या उंचवट्याकडे बघत राहिली.

"खोगीर नाय बाई हे," ती म्हणाली. "कुत्रं हाय. हा मोती."

मग तिनं सांगितलं. त्यांच्या घराण्याचा वीर भिवा. गुराखी पोरगा. गंगापूरच्या अंगाला गुरं चारायला नेलेली, वाघ आला. हा नुसत्या काठीनिशी गाईच्या आडवा उभा राहिला. गाय वाचली, हा गेला. कुत्रं तीन दिवस त्याच्यापासून हललं नाही. ही गोष्ट चिमणाबाईला तिच्या सासूनं सांगितली, सासूला तिच्या सासूनं. चिमणाबाईनंही नवी नवरी असताना विचारलं होतं, की गुराख्याच्या पोराला घोडं कुठून आलं. सासू म्हणाली होती, मेल्यावर देवानं दिलं. जितेपणी लय पायी हिंडला, आता तरी बसून जाऊ दे त्याला.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग दोघींनी मिळून मयूरकडे बघितलं.

मयूरचा चेहरा रिठ्याच्या फेसासारखा झाला होता. तो म्हणाला, आपण आता चिठ्ठी बांधतो प्रत्येक टाकाला. आजोबा नाही बांधायचे. म्हणायचे, मला चेहरे लक्षात राहतात. सुवर्णानं विचारलं, गिऱ्हाइकांचे की देवांचे. यावर मयूरनं दोघींना चहा मागवला.

कधीतरी, अशाच एका होळीच्या गर्दीत, दोन पुड्या चुकीच्या हातांत गेल्या होत्या. मखमलाबादच्या गुराख्याला पंचवटीच्या घराण्यानं लढाईवर पाठवलं आणि पंचवटीच्या सरदाराला मखमलाबादकरांनी गुरं राखायला लावलं. दोघांनीही निमूट ऐकलं. सुवर्णाला हसू आलं. धनराजचं रक्ताचं बोलणं आता उभं राहणार नव्हतं, कारण रक्त या वीराचंही नव्हतं. पण ज्या गोष्टीनं ते बोलणं पडत होतं, तीच गोष्ट सांगत होती की हा या म्हातारीचा आहे. तिनं हात पुढे केला, की संपलं.

चिमणाबाईनं हात पुढे केला नाही. तिनं दोन्ही टाक दोन तळव्यांवर घेतले, भाजीवाली वजन बघते तसे खालीवर केले, आणि ज्याचा त्याला दिला, म्हणजे चुकीचा तो चुकीच्या घरी.

"धुळवडीला गंगेवर ये," ती सुवर्णाला म्हणाली. "दुतोंड्या मारुतीपाशी. तिथं बघू."

हे बघू मात्र कसलं होतं, ते सुवर्णालाही उमगलं नाही.

घरी आल्यावर तिनं हर्षालीला सगळं सांगितलं. हर्षाली आधी पोट धरून हसली आणि मग म्हणाली, काकाला फोनवरच सांगून टाक, की याचं रक्त आपलं नाही, म्हणजे तो नेणार नाही, आणि त्या आजी मागायच्या आत जाऊच नकोस तिकडे. देव घरात, तू घरात, मिटलं. सुवर्णाला हा विचार सुचला नव्हता असं नाही. सराफ बाजारातून येताना रिक्षात बसल्या बसल्या तो तिच्या शेजारी येऊन बसलाच होता. पण ज्याला रोज सकाळी डोळ्याला डोळा देऊन गंध लावायचं, त्याला लपवून कसं ठेवणार. आणि धनराजला हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. समोरासमोर, जिथे वीर असेल तिथेच सांगायचं.

होळीला पुरणपोळी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी धनराज आला. पांढरा सदरा, गळ्यात उपरणं, बरोबर हलगीवाले. त्यानं मोठ्या भावाच्या फोटोला हात जोडले, वहिनीला वाकून नमस्कार केला. सुवर्णानं वीराला हळद-कुंकू लावलं, खोबऱ्याच्या वाटीत बसवलं, लाल फडक्यात बांधलं आणि त्याच्या हातात दिलं.  हर्षाली आईकडे डोळे मोठे करून बघत होती. सुवर्णानं फक्त आंघोळीचा तांब्या आणि ताम्हन पिशवीत घातलं आणि पायात चपला सरकवल्या.

धनराज नाचला मात्र मनापासून. एरवी मोजून बोलणारा माणूस, पण हलगी कडाडली तसा त्यानं वीर डोक्याच्या वर धरला आणि घोड्यावर बसल्यासारखा उड्या घेत निघाला. रस्ता सगळा तसाच होता. पुढे मागे वीरच वीर, कोणाच्या हातात, कोणाच्या डोक्यावर. लहान पोरांना कृष्ण नि मावळे करून सजवलेलं, बायका ओवाळायला दारात उभ्या. एका ठिकाणी धनराजनं थांबून ओळखीच्या माणसाला अभिमानानं सांगितलं, की आमचा घोडेस्वार बरं का, लढाईतला. मागून चालणाऱ्या सुवर्णाला त्या गुराख्याच्या पोराची दया आली. मोतीची जास्त आली.

दुतोंड्या मारुतीपाशी चिमणाबाई उभी होती, नातवंडांच्या घोळक्यात, हातात आपला घोडेस्वार. सुवर्णानं धनराजला घाटाच्या पायरीवर बसवलं, हलगीवाल्यांना जरा थांबायला सांगितलं, आणि शांतपणे, काही न गाळता, काही न वाढवता, सगळं सांगितलं. लाल फडकं सोडून घासलेला टाक त्याच्यापुढे धरला. काठी काठीच होती. कुत्र्याचे कान आता स्पष्ट दिसत होते.

धनराज बघत राहिला. मग तो कारखान्यातल्या माणसासारखाच वागला. जागा चुकलीय ना, मग बरोबर बसवू. आत्ताच्या आत्ता अदलाबदल करू, आजींना त्यांचा द्या, आपला आपल्याकडे येऊ द्या, आणि मी आपला घेऊन जातो. यात भांडण कसलं.

 चिमणाबाई नाही म्हणाली नाही. तिनं आपल्या हातातला घोडेस्वार त्याच्या तळहातावर ठेवला.

"घे बाबा. तुझाच हाय. घाल आंघोळ."

धनराज टाक घेऊन कुंडाच्या कडेला गेला. तिथे पोहोचल्यावर त्याचं पाऊल अडखळलं. टाक कुठल्या हातात धरायचा, पाणी आधी की दूध आधी, तोंड कोणीकडे. तो जन्मापासून घरच्या वीरापुढे हात जोडत आला होता, पण आंघोळ घालायचं काम कायम दुसऱ्या कोणाचं तरी होतं. आधी आईचं, मग वहिनीचं. त्यानं सवयीनं मागे वळून सुवर्णाकडे बघितलं.

"हाक मारून मग पानी घालत्यात," चिमणाबाई म्हणाली. "काय म्हन्ता तुमी त्याला?"

त्याला नाव नव्हतं. भारदस्त गोष्ट होती, लढाई होती, आधी गेलेलं घोडं होतं. नाव कोणाला ठाऊक नव्हतं.

"आमी भिवा म्हन्तो," म्हातारी म्हणाली. "त्याचं नाय ते, माहीत झालं आता. पर ओ देतो."

 तेव्हा सुवर्णा पायरी उतरून त्याच्याजवळ गेली.

"भावजी, लग्नाआधी माझं नाव काय होतं?"

तो तिच्या लग्नात बारा-तेरा वर्षांचा होता. तांदळाचं ताट त्यानंच धरलं होतं आणि त्यात भावानं अंगठीनं नवं नाव लिहिताना ताट हलवल्याबद्दल टपली खाल्ली होती.

"संध्या," तो म्हणाला.

"मग इतकी वर्षं तुम्ही वहिनी कोणाला म्हणताय? दुसऱ्या घरातून आले, दुसऱ्या नावानं हाक मारलीत, मी ओ दिली. मग या घरची झाले. हाही तसाच आलाय. रक्तानं बघायचं तर आम्हा दोघांनाही परत पाठवायला हवं." तिनं हातातल्या गुराख्याकडे बघितलं. "मी तर जात नाही. आणि याला एकट्याला पाठवणार नाही. आजींनी मागितला तरच देईन, कारण तो त्यांचाही आहे. तुम्ही मागितला म्हणून देणार नाही."

हे बोलून झाल्यावर तिला कळलं, की ती अजिबात घाबरलेली नव्हती. मुलीला पंधरा मिनिटांत सांगता आलं नसतं ते एवढ्यात सांगून झालं होतं.

चिमणाबाई आता सुवर्णाच्या हातातल्या टाकावर वाकली. तिचं सुरकुतलेलं बोट भिवाच्या मुंडाशावरून फिरलं, मग मोतीच्या कानावरून. सुवर्णानं टाक पुढे धरला, म्हणजे खरोखर देण्यासाठीच धरला. म्हातारीनं तो घेतला, कपाळाला लावला, त्याच्या कानात काहीतरी बोलली आणि परत सुवर्णाच्या ओंजळीत ठेवला.

"सासूनं मरताना माझ्या हातात घोड्यावरला दिला," ती म्हणाली. "तिनं दिला तो मी बदलू कशी? अन् हा बरा दिसतोय की तुझ्याकडं. अंगावर तेज हाय. वर्साला एक डाव भेटव मला, म्हंजे झालं."

धनराज तोवर घोडेस्वाराकडे बघत होता. खरा पूर्वज, खरं घोडं, खरी तलवार. त्यानं तो दोन्ही हातांनी, जरा जास्तच जपून, चिमणाबाईला परत दिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं की कुंडाचं उडालं होतं, हे सुवर्णानं तपासलं नाही. पण तो धनराजच होता, त्यामुळे एक प्रश्न त्याला विचारल्याशिवाय राहवेना. सगळं कबूल, पण मग परत जाताना नाचवणार कोण?

"जिनं न्हाऊ घातला ती," चिमणाबाई म्हणाली, जणू यात विचारण्यासारखं काय होतं.

मग दोघींनी शेजारी शेजारी बसून आपापल्या वीरांना आंघोळ घातली. दोन्ही टाक एका ताम्हनात आले तेव्हा चांदीवर चांदी लागून बारीकसा आवाज झाला. इतक्या वर्षांनी दोघे एकमेकांना भेटले. काय बोलले असतील ते त्यांचं त्यांना ठाऊक. एकाचं घोडं, एकाचं कुत्रं, बोलायला पुष्कळ होतं.

परतीच्या वाटेवर सुवर्णानं वीर डोक्याच्या वर धरला. नाचायची सवय नव्हती. शेवटचं ती नाचली ते नणंदेच्या हळदीला. आधी नुसतीच चालली. मग हलगीवाल्या म्हाताऱ्यानं तिच्या पावलांकडे बघून ताल जरा हळू केला, आणि त्या तालात तिचे पाय आपोआप गेले. ती घोड्यासारखी नाचली नाही. गुरांमागून चालावं तशी, रमतगमत, वाटेत थांबत नाचली. धनराज पुढे झाला होता. गर्दीत दोन्ही हात पसरून रस्ता करत, तिच्याकडे पाठ करून, तो मोठ्यानं सांगत चालला होता, "सरका, सरका. आमचा वीर आलाय."

घरी येऊन वीर आपल्या जागी बसला. सुवर्णानं नैवेद्याचं ताट मांडलं, वरण-भात, कालची पुरणपोळी, वर तुपाची धार. मग भाकरीचा एक छोटा तुकडा दुधात बुडवून वीराच्या पायाशी वेगळा ठेवला. इतकी वर्षं खोगीर म्हणून गंध लावलं होतं, त्याची थोडीतरी भरपाई.

धनराजनं विचारलं, हे कोणाचं.

"मोतीचं," सुवर्णा म्हणाली.

त्यानं मान हलवली. पाटावर बसता बसता म्हणाला, की पाडव्याला आम्ही सगळे इकडेच जेवायला येऊ, पोरांना एकदा सगळे देव नीट दाखवा, कोण कुठले ते. टाक न्यायचं काही त्यानं पुन्हा काढलं नाही, आणि सुवर्णानं त्याला आठवण करून दिली नाही.

हर्षाली लॅपटॉप मांडीवर घेऊन देवघराच्या उंबऱ्याशी बसली होती. पहिलं वाक्य अजून कोरंच होतं. तिनं आईला विचारलं, की मग सुरुवात कशानं करू.

सुवर्णा ताटाभोवती पाणी फिरवत होती. तिनं वर न बघता सांगितलं, आधी ही मंडळी जेवतील, मग आपण जेवू, मग सांगते.